नसलेल्या आजीचा खोकला

तीस वर्षं मी या काउंटरमागे उभी आहे. गुडघे गेले, कंबर गेली, एक तोंड तेवढं शाबूत आहे, आणि गिऱ्हाइकांची तक्रार नेमकी त्याचीच असते. औषधाच्या दुकानात कोण काय थापा मारतो ते मला चेहऱ्यावरून कळतं, मला कुणी शेंडी लावू शकत नाही, असं मी छातीठोक सांगायचे. मग तो आला आणि सात महिने लावत राहिला.

पहिल्यांदा आला तो असाच दुपारी तीनच्या सुमाराला. पंचवीस-सव्वीसचा, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. "मावशी, आजीसाठी खोकल्याचं औषध हवंय," म्हणाला आणि चिठ्ठी पुढे केली. गुंगी आणणारं औषध, चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असं. चिठ्ठी घडी घालून घालून चार ठिकाणी फाटलेली. मी भुवया चढवल्या.

"आडवी झाली की उबळ येते तिला," तो म्हणाला. "मग उठून बसते आणि मला म्हणते, तू लिही रे, मी जरा खोकून येते. जसं काही बाजारात जाऊन येतेय."

त्या 'खोकून येते'ला मी विरघळले. चिठ्ठीची तारीख बघितली न बघितल्यासारखी केली, बाटली दिली, वर गुळण्या करायला सांगितल्या.

आजीचा खोकला काही थांबेना. आठवड्याने तो परत हजर. गुळण्यांचं काय झालं? "म्हणते, या वयात मला असले आवाज काढायला लावू नकोस, शेजारी ऐकतात." मग त्याची एक मावशी मुक्कामाला आली, तीही खोकत. मग घरमालक. घरमालक म्हणे इतका चिक्कू, की खोकलासुद्धा अर्धाच काढायचा, उरलेला उद्याला ठेवायचा. मी म्हटलं, "अहो, तुमच्या घरात खोकल्याशिवाय कुणी दार तरी उघडतं का?"

त्यावर माझी भाची खो खो हसली. थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण गेल्यापासून माझ्याकडेच असते, औषधांचं शिकली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. तोंडातून शब्द काढायला तिला मुहूर्त लागतो. ती हसली तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्यानंतर ती रोज अडीचला केस विंचरायला लागली. आम्ही दोघी त्याला 'नातू' म्हणायचो.

मला खरं कधी कळलं? तिसऱ्या महिन्यात. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, बोलता बोलता नाक खाजवायचा, आणि बाटली हातात आली की आधी खांदे खाली यायचे, मग हसायचा. आजीचं औषध नेणारा माणूस असा हसत नाही. बाटली तो स्वतःच पितो हे कळलं, तरी मी देत राहिले. का, तर दुपारी दुकानात माशी नसते, आणि तो बोलायला लागला की तासभर माझे पाय ठणकायचे थांबायचे. सांगायला लाज वाटते, पण तसंच होतं.

भाचीला मात्र काही माहीत नव्हतं. तिने आजीसाठी निळा स्वेटर विणायला घेतला. महिनाभर विणला, आणि एका रविवारी पत्ता शोधत त्याच्या खोलीवर गेली. दिवेलागणीला परत आली ती पिशवी तशीच घेऊन.

"मावशी, आजी नाहीये."

"कुठे बाहेर गेल्यात का?"

"नाहीये म्हणजे कधीच नव्हती. तो वसतिगृहात वाढलाय. त्याला कुणीच नाही." ती पाणी प्यायली. "पलंगाखाली आपल्या दुकानाच्या बाटल्या आहेत. रांगेने. आणि टेबलावर कादंबरी आहे, तीन प्रकाशकांनी परत केलेली."

"वाचलीस?"

"तिथेच बसून वाचली. मेलेली आहे गं. सगळी माणसं भाषणं करतात. आपल्या आजीसारखं एक जण खोकत नाही."

मी भडकले. म्हटलं, उद्या येऊ दे मेल्याला, तंगडंच मोडते. (आपण कळूनसवरून देत होतो हे मी तिला सांगितलं नाही. राग करण्याची घाई त्यासाठीच होती.) भाची शांतपणे म्हणाली, "उद्या येणारच आहे. मी बोलावलंय. बाटली द्यायची नाही. तो आजीचं सांगेल, मी लिहून घेईन. गल्लीतल्या डॉक्टरांशी बोललेय, ते रोज बघणार आहेत त्याला."

पहिला आठवडा बघवत नव्हता. घामाने निथळायचा, नाक वाहायचं, एकामागून एक जांभया, पोटात पिळवटून आलं की फ्रीजला टेकून बसायचा. शिव्याही दिल्या त्याने एकदा, आम्हाला दोघींना. भाचीने त्याही लिहून घेतल्या आणि म्हणाली, या घरमालकाच्या तोंडी बसतील. हळूहळू त्याचे हात थरथरायचे थांबले. औषध कंपन्यांच्या जाहिरातीची पॅड असतात, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आजी उतरायला लागली. आजीची भांडणं, तिची चष्म्याची खटपट, ती भाजीवाल्याशी कशी रुसली. गिऱ्हाइकं औषध घेऊन झालं तरी हलेनात. एक निवृत्त मास्तर होते, ते रक्तदाबाच्या गोळ्या एकदम न नेता एकेक करून न्यायला लागले, रोज यायला निमित्त हवं म्हणून.

निळा स्वेटर त्यालाच मिळाला. उकाड्यातही घालायचा. एक दिवस दोघं माझ्यासमोर उभे राहिले, पुस्तक झालं की लग्न करतो म्हणाले. मी म्हटलं, "आधी वर्षभर बाटलीशिवाय राहा, मग बघू."

"मावशी, लग्न लावताय का डोस लिहून देताय?"

मला हसू आवरेना. खरं सांगते, त्या दिवसांत मला माझ्या पोरीची काळजी वाटेनाशी झाली होती. आपण केलेलं पाप निस्तरलं, असं वाटायला लागलं होतं.

सहा आठवडे झाले आणि गोष्ट शेवटाशी येऊन अडकली. आजी आता जाणार, हे त्याला दिसत होतं, पण तोंडातून निघत नव्हतं. तीन दिवस नुसता स्टुलावर बसून. भाची म्हणाली, "मग जगू दे की तिला. कोण तुला विचारायला येतंय?"

"खोटं होईल ते," तो म्हणाला. "आणि ती गेली की मी परत कुणाचाच नाही."

"मी आहे ना!"

"आहेस गं," म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

चौथ्या दिवशी भाची माल आणायला घाऊक बाजारात गेली होती. तो बाराच्या सुमाराला आला. रोज आत येऊन बसणारा, पण त्या दिवशी बाहेरच, गिऱ्हाइकाच्या बाजूला उभा राहिला. "मावशी, आजी गेली," म्हणाला आणि रडायला लागला. कशी गेली ते सगळं सांगितलं, पाऊण तास सांगत होता. मग म्हणाला, "एकच द्या. आजच्यापुरती. उद्यापासून नाही मागणार."

नाही म्हणायला काय लागतं? दोन अक्षरं. रोज पन्नास वेळा म्हणते मी. पण त्या दिवशी सकाळपासून उभी होते, गुडघ्यांतून कळा येत होत्या, आणि समोर एक माणूस घरातलं माणूस गेल्यासारखा हुंदके देत होता. मला वाटलं, आज याला कसं परत पाठवू? थकले होते हो. मी कपाट उघडलं आणि दिली.

सहा आठवडे औषध सुटलेल्या शरीराला पहिल्याएवढी मात्रा झेपत नाही. हे मला पाठ आहे, मी लोकांना बजावून सांगते. त्याला नाही सांगितलं. त्याने जुन्या सवयीने बाटली एका दमात संपवली आणि झोपला तो उठलाच नाही. सकाळी घरमालकाने दार तोडलं. खरा घरमालक अगदी साधा माणूस निघाला, दवाखान्यात भाचीपेक्षा तोच जास्त रडत होता.

भाची रडलीच नाही. सगळं उरकल्यावर तिसऱ्या दिवशी चपला घालून निघाली ती गावातल्या एकेका मेडिकलमध्ये जाऊन भांडायला. बाटलीवरचं लेबल त्याने खरवडून काढलं होतं, मला सांभाळून घेतलं होतं बिचाऱ्याने. तिला वाटलं, दुसऱ्या कुणीतरी दिली. मी मूग गिळून बसले. एकदा नाही, दोन दिवस बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली तेव्हा तिचा आवाज पार बसला होता. "सात दुकानं झाली. कुणी कबूल करत नाही."

"दोन घास खाऊन घे आधी."

"कुणीतरी दिलीच ना, मावशी!"

"मी दिली," मी म्हटलं.

ती बघत राहिली. ओरडेल, मारेल, निघून जाईल, असं मला वाटलं, आणि यातलं काहीतरी तिने करावं असंही वाटलं. ती स्टुलावर बसली. एक गिऱ्हाईक डोकेदुखीची गोळी मागायला आलं, त्याला मी हाताने परत पाठवलं.

"काय सांगून मागितली?"

"आजी गेली म्हणाला."

"कशी गेली?"

"अगं, आता ते कशाला—"

"कशी गेली म्हणाला ते सांग." तिने पॅड ओढलं, उलटं केलं.

मी सांगायला लागले. "पलंगावर पाय सोडून बसली होती. चष्मा पुसत होती. म्हणाली, आज छाती कशी मोकळी वाटतेय, ती खिडकी लाव, गार लागतंय. तो उठला. कडी लागत नव्हती, जोर करून लावली. वळून बघतो तर चष्मा मांडीवर आणि फडकं हातातच. घरात इतकं सामसूम झालं, की शेजारच्या नळाचं पाणी ऐकू यायला लागलं."

ती भराभर लिहीत होती. मान वर नाही.

"आणि जायच्या आधी," मी म्हटलं, "आजी म्हणाली, माझा कुणावर राग नाही हो. कुणावरच नाही."

तिचा हात थांबला.

"हे तो बोलला नाही."

मी काउंटर पुसायला घेतलं.

"हे तू बोलतेयस." तिने त्या ओळीवर दोन रेघा मारल्या. "पुढे?"

"पुढे काही नाही. बाटली मागितली."

"तेही सांग. काय शब्दांत मागितली, तू काय म्हणालीस, सगळं."

मग मी तेही सांगितलं, आणि तिने ते लिहून घेतलं.