गिरणी उलटी फिरली तेव्हा

गोंदियाच्या भातगिरणीत माझा पाय टिकला तो धान वाळवणाऱ्या बायांच्या मुकादमीणबाईंमुळे. केशोरीकडच्या, तोंडाने फटकळ. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो. हे आधी सांगून टाकलं, आता हसायला मोकळा.

मी रत्नागिरीकडचा. शाळा चौथीत सुटली, मुंबईच्या कारखान्यात इंजिनं पुसत पुसत फिटर झालो आणि इतक्या लांब येऊन पडलो. शेटजींनी गिरणीचं वाफेचं इंजिन हवाली केलं, पण अट घातली: हंगामाच्या पहिल्या दिवशी नारळ फुटून गिरणी नीट फिरली, तरच नोकरी पक्की. घरी तर मी आधीच कळवून बसलो होतो, मिस्त्री झालो म्हणून!

इंजिन उघडलं, घासलं, प्रत्येक नट पुन्हा पुन्हा आवळला. शेवटी चामड्याचा लांब पट्टा चढवला. या गिरणीत तो इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा पीळ देऊन घालावा लागे, नाहीतर गिरणी उलटी फिरायची. नटांच्या काळजीत मी तो सरळच घातला.

नारळ फुटला. वाफ सोडली. चाक डौलात फिरलं, आणि धान वर नेणारे डबे खाली यायला लागले! गेल्या हंगामाचा अडकलेला भुसा खालच्या तोंडातून भस्सकन बाहेर. शेटजी समोरच. पांढरी टोपी, मिशा, हातातला प्रसाद, सगळं पिवळं.

"ये क्या हो रहा है?"

मी वाफ बंद केली.

"घाबरता कायले शेटजी?" मावशी पुढे आल्या. "मिस्त्री कोकणचा हाये. तिकडं पयले उलटी फिरवते, जुना कचरा झाडाले. मंग सीधी."

शेटजींनी मिशीतला भुसा झटकला, जमिनीवरचा ढीग पाहिला. "इतना कचरा! पुराने मिस्त्री ने कभी निकाला ही नहीं!"

पट्ट्याला पीळ दिला, गिरणी सुरळीत चालली, नोकरी पक्की. मावशींच्या पाया पडायला गेलो, तर म्हणाल्या, "मले का ठाऊक तुयी मशीन? तुया तोंडाचाच भुसा झाला होता, म्हून बोलली."

तेव्हापासून दर हंगामाला शेटजींचा हुकूम: पहिले उल्टी! सगळा गाव बघायला येतो. शेटजी आता लांब उभे राहतात.

मावशींनी एकच मागितलं. "तुया गावचा समुद्र दाखवजो गा. आमच्या तलावाएवढा असन का?"

"थोडा मोठा आहे, मावशी."

"पाहू न मंग. बढाया नोको मारू."

अजून रजा जुळलेली नाही. पण एक दिवस त्यांना आगगाडीत बसवून नेणार, आमच्या किनाऱ्यावर उभं करणार, आणि तलाव मोठा की समुद्र, ते त्यांच्याच तोंडून ऐकणार.