फवारणीच्या दिवसांतली शाळा

माझ्या धाकट्या बहिणीला शाळेतून काढलं ते ऐन फवारणीच्या दिवसांत. आईबाबा दिवसभर कपाशीत, मी अमरावतीला कॉलेजात. दर्यापूरजवळच्या आमच्या गावात घरोघरी कीटकनाशकाचा डबा असायचा, आणि त्या वर्षांत त्या डब्याचं नाव कोणी मोठ्यानं घेत नसे. आमचा डबा आईनं आढ्याला टांगला, तर बहीण खाटेवर पाट रचून तिथवर पोचली. झाकण निघायच्या आत आईनं तिचा हात धरला.

"त्याले हात लावाचा काय?"

"नाई. माणूस मरते."

"मंग काहून लावला?"

"मालूम नाई."

ती खोटं बोलत नव्हती. अकोल्याला, जठारपेठेतल्या डॉक्टरांनी तिला सांगितलं, मी टेबलावर एकदा वाजवलं तर तूही वाजव, दोनदा वाजवलं तर हात मांडीवर. तिनं नियम बिनचूक म्हणून दाखवला आणि दर वेळी टेबल वाजवलं. चुकल्यावर स्वतःच ओठ चावायची.

"तिला सगळं कळतं," डॉक्टर म्हणाले. "हात आवरत नाही. बटणं लावणं, अक्षर काढणं, तिथंही तीच अडचण. मारून काही होणार नाही. गोळ्यांना वेळ लागेल. शाळेत मात्र राहू द्या, पुढच्या बाकावर."

शिक्षण हा हक्क आहे, अशी पत्रकं मी अमरावतीच्या चौकाचौकात वाटली होती. आईसोबत शाळेत जाऊन तेच सगळं मुख्याध्यापकांना ऐकवलं.

"भाषण मस्त देतं तू," ते म्हणाले. "पण ते बसली असती तं मीच बसवली असती. परवा तिच्या हातून एका पोराच्या डोळ्यापाशी कर्कटक लागलं."

"सर, शिकवू नका तिले," आई म्हणाली. "फवारणी होऊस्तोवर नजरेसमोर ठेवा फक्त."

त्यांनी आईपुढे हात जोडले. तीन वर्गांना ते एकटेच मास्तर होते. माणूस दुष्ट नव्हता. असता तर भांडायला सोपं गेलं असतं. तीन वर्गांवर एक मास्तर ठेवणारं सरकार त्या खोलीत नव्हतं. आणि माझ्या कुठल्याही पत्रकात अशा पोरीबद्दल एक ओळ नव्हती.

आमचा डबा हलवता आला असता, पण शेजारच्या ओट्यावर दुसरा होता, त्यापुढच्या घरी तिसरा. गावभरचे डबे मोकळे, म्हणून पोरीला कोंडायचं ठरलं. मी थांबतो म्हटलं.

"आज थांबशीन. उद्या?" आई म्हणाली. "आजपासूनच सवय लागू दे तिले."

तिनं भाकर, पाणी आत ठेवलं. चूल विझवली, काडेपेटी कनवटीला खोचली, विळा आणि आढ्याचा डबा बाहेर काढला आणि कुलूप लावलं.

आतून दार धडधडलं. "आई, मी काईच नाई करत. खोल नं."

"मले मालूम हाय," आई दाराला म्हणाली आणि निंदायला निघून गेली.