जीपमधलं रेडिओ केंद्र

"इथे सही करा, पाटील मॅडम. तुमचं काम संपलं," काळसेकर साहेब म्हणाले आणि टाइप केलेला कागद माझ्यासमोर सरकवला.

मी कागद वाचला. सदर वाहनातून विनापरवाना रेडिओ केंद्र चालवले जात असल्याचे तांत्रिक तपासणीत आढळून आले, असं त्यात लिहिलं होतं. खाली माझं नाव, माझा हुद्दा आणि सहीसाठी मोकळी जागा. मी गाडीतून उतरून खुर्चीवर बसले होते, एवढंच. तपासणी अजून व्हायची होती.

"साहेब, केंद्र कुठे आहे ते आधी दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी टेबलावरची प्लास्टिकची पिशवी उचलून दाखवली. आत अंगठ्याएवढी काळी वस्तू होती. एका टोकाला गाडीच्या लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा भाग, दुसऱ्या टोकाला छोटा डिस्प्ले. मोबाइलच्या दुकानात कव्हर आणि चार्जर टांगलेले असतात, त्यांच्याच शेजारी ही मिळते.

मी प्रक्षेपण खात्यात इंजिनिअर आहे. आमचं काम टॉवर, ट्रान्समीटर आणि केबल यांच्याशी. माणसांशी संबंध फार येत नाही, म्हणून मला ही नोकरी आवडते. त्या दिवशी सकाळी आमचे देवरे साहेब म्हणाले की निवडणुकीच्या फिरत्या पथकाने बेकायदा रेडिओ पकडलाय, टेक्निकल माणूस मागितलाय, तुम्ही जाऊन या. तोरणमाळच्या घाटाखाली रस्त्याच्या कडेला पथकाने तात्पुरता नाका टाकला होता. एक तंबू, दोन टेबलं, खुर्च्या, आणि काळसेकर साहेब पथकाचे प्रमुख. ते कोकणातले, बदली होऊन नुकतेच आलेले.

तंबूच्या बाहेर बाकावर जीपचा मालक बसला होता. सायसिंग पावरा त्याचं नाव. जीप तो स्वतःच चालवतो. शहाद्याहून बाजार करून निघालेली माणसं वर डोंगरातल्या गावांना पोहोचवणं हा त्याचा धंदा. आदल्या दिवशी दुपारपासून त्याची जीप नाक्यावर उभी होती. त्यातली माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन घाट चढून गेली होती. त्याच्या शेजारी त्याची बहीण सुमन होती. ती त्याच भागात आशा म्हणून काम करते. म्हणजे गरोदर बाया, बाळंतपण, लहान मुलांचं लसीकरण हे सगळं तिच्याकडे.

झालं होतं ते असं. पथकाची गाडी नाक्यावर उभी होती आणि काळसेकर साहेब आत बसले होते. सायसिंगची जीप तपासणीसाठी मागे येऊन थांबली. तेवढ्यात साहेबांच्या गाडीतला रेडिओ अचानक बोलायला लागला. बाईचा आवाज. भाषा पावरी, त्यांना अक्षर कळेना. पण मध्ये मध्ये गावांची नावं येत होती, आणि वारांची. हे गाव सोमवार, ते गाव मंगळवार. त्यांना वाटलं, कोणीतरी गुप्तपणे सभा ठरवतंय किंवा वाटप ठरवतंय, आणि तेही स्वतःचं रेडिओ स्टेशन काढून.

"बाईचा आवाज कोणाचा?" मी विचारलं.

"माझा," सुमन बाकावरून उठली. "लसीकरणाचं आहे. कोणत्या गावात कोणत्या दिवशी नर्सबाई येणार ते. मोबाइलवर मेसेज मराठीत येतात. आमच्या बायांना ते वाचता येत नाहीत. म्हणून मी पावरीत बोलून भावाच्या फोनवर टाकलं. गाण्यांच्या मध्ये तो ते लावतो. बाजारच्या जीपमध्ये सगळ्या गावांची माणसं असतात."

"मी हे कालच सांगितलं होतं साहेबांना," सायसिंग म्हणाला.

"ती त्याची बहीण आहे," काळसेकर साहेब मला म्हणाले. "ती सांगणारच. माझ्या माणसांपैकी कोणाला ती भाषा येत नाही. आणि भाषा हा तुमचा विषय नाही, मॅडम. तुम्ही यंत्राचं बघा."

ते बरोबर बोलले. म्हणून मी यंत्राचंच बघायचं ठरवलं.

ही वस्तू काय करते ते सांगते. सायसिंगच्या जीपमधला टेप जुना. त्यात रेडिओ आहे आणि कॅसेटची फट आहे. फोन जोडायला जागा नाही. घाटात इंजिनचा आवाज एवढा की फोनचा स्पीकर मागच्या माणसाला ऐकू येत नाही. मग ही काळी वस्तू सॉकेटमध्ये खोचायची. फोनचा आवाज ब्लूटूथने तिच्यात येतो. ती तोच आवाज अगदी बारीक ताकदीने रेडिओच्या लहरींवर सोडते. तिच्या डिस्प्लेवर एक नंबर असतो, म्हणजे फ्रिक्वेन्सी. टेपचा रेडिओ त्याच नंबरवर लावला की गाणं टेपच्या स्पीकरमधून वाजतं. तत्त्व तेच, जे आमच्या टॉवरचं. फरक ताकदीचा. टॉवर तालुक्याला ऐकवतो, ही वस्तू गाडीला.

"सही करण्याआधी टेस्ट घेते," मी म्हटलं.

"टेस्ट कशाला? मी स्वतः ऐकलंय."

"तुम्ही ऐकलंय, साहेब. सही माझी आहे."

ते फोन घेऊन तंबूबाहेर गेले. थोड्या वेळाने माझा फोन वाजला. देवरे साहेब.

"पाटील मॅडम, काय चाललंय? सही करा आणि या ना परत. निवडणुकीची माणसं आहेत, आपल्याला कशाला त्यांच्याशी वाकडं?"

"सर, तपासणी केली असं लिहिलंय. मी अजून केलेली नाही."

"मग करा पटकन. पण त्यांना नाराज करू नका."

"दोन्हीचं वचन देत नाही, सर," मी म्हटलं. पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

मी पिशवी उघडायला लावली. वस्तू सायसिंगच्या जीपमध्ये लावली, त्याच्या फोनवर सुमनचं रेकॉर्डिंग सुरू केलं. पथकाची गाडी त्याच नंबरवर रेडिओ ठेवून हळूहळू पुढे न्यायला सांगितली. मी खिडकीशी कान लावून सोबत चालत होते. मला खात्री होती की जीपपासून थोडं लांब गेलं की आवाज जाईल.

आवाज गेला नाही.

गाडी रस्ता ओलांडून पलीकडच्या चहाच्या टपरीपाशी गेली, तरी सुमन स्पष्ट बोलत होती. काळसेकर साहेब हसले. सायसिंग माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला तांत्रिक काही कळत नव्हतं, पण माझा चेहरा वाचता येत होता.

गाडी टपरीच्या मागे, उसाच्या कडेने नेली तेव्हा खरखर सुरू झाली आणि मग आवाज बंद झाला.

मी तिथेच उभी राहून विचार केला. शहरात असं झालं नसतं. तिथे बहुतेक नंबरांवर कोणतं ना कोणतं स्टेशन असतं, ते या बारीक आवाजाला दाबून टाकतं. घाटाखाली त्या नंबरवर काहीच नव्हतं. रिकाम्या जागी कुजबुजही ऐकू येते. शिवाय स्वस्तातल्या वस्तू कधीकधी असायला हवी त्यापेक्षा जास्त ताकदीच्या निघतात. ही तशी होती, यात शंका नव्हती, आणि मी ते लपवणार नव्हते.

"म्हणजे पोहोचतंय," काळसेकर साहेब म्हणाले.

"पोहोचतंय. टपरीपर्यंत."

"मग करा सही."

सही करायचीच नव्हती, पण काय म्हणून करायची नाही ते मला सापडत नव्हतं. मी पुन्हा पथकाच्या गाडीच्या रेडिओकडे पाहिलं. तेव्हा लक्षात आलं. त्या नंबरवर इथे कुठलंच स्टेशन लागत नाही. मग साहेबांचा रेडिओ काल त्या नंबरवर कशाला लावलेला होता? खरखर ऐकायला कोणी रेडिओ लावत नाही.

पथकाची गाडी भाड्याची होती. ड्रायव्हर नंदुरबारचा, चाळिशीतला, शांत माणूस. मी रनाळ्याची. घरी आम्ही अहिराणीच बोलतो. मी त्याला बाजूला न घेता, सगळ्यांसमोरच विचारलं, "भाऊ, तुन्हा रेडिओ या नंबरवर कसाले व्हता?"

तो जमिनीकडे बघायला लागला.

"सांग ना. मी तुले काही करत नही."

त्याने पुढे वाकून डॅशबोर्डचा कप्पा उघडला. आतून तसलीच काळी वस्तू काढून माझ्या हातात दिली. तीच कंपनी, तोच डिस्प्ले.

"गाना आयकाले लावस, मॅडम," तो म्हणाला. "साहेब बसनात म्हणजे काढी ठेवस. दुसरं काहीच नही."

दुकानातून नवी वस्तू आणली की ती एका ठरलेल्या नंबरवरच सुरू होते. बहुतेक लोक तो बदलत नाहीत. सायसिंगनेही बदलला नव्हता, यानेही नाही. साहेब बसले म्हणून ड्रायव्हरने वस्तू काढली, रेडिओ मात्र आवाज कमी करून त्याच नंबरवर चालू राहिला. मागे जीप येऊन थांबली आणि सुमन बोलायला लागली.

मी ड्रायव्हरची वस्तू त्याच्याच गाडीत लावली, त्याच्या फोनवर एक गाणं लावलं आणि सायसिंगच्या जीपचा रेडिओ सुरू केला. या वेळी जीप टपरीपर्यंत नेली. गाणं तिथपर्यंत आलं. उसाकडे गेलं की बंद.

काळसेकर साहेबांचं हसू गेलं होतं. "हे वेगळं आहे," ते म्हणाले.

"काय वेगळं आहे ते सांगा, मी तसं लिहिते."

"तो गाणी ऐकतो."

"साहेब, यंत्राला गाणं आणि बोलणं यातला फरक कळत नाही. मला यंत्राचं बघायला सांगितलंय. हे केंद्र असेल, तर ते पण केंद्र. मग तपासणीत दोन केंद्रं आढळली असं लिहावं लागेल, आणि दुसरं कुठे आढळलं तेही."

ते आवाज चढवून म्हणाले, "तुम्हाला इथे वाद घालायला बोलावलेलं नाही. तुमच्या वरिष्ठांकडे लेखी तक्रार जाईल."

"जाऊ द्या."

मी टाइप केलेला कागद तसाच परत दिला आणि कोरा मागून घेतला. जे झालं ते क्रमाने हाताने लिहिलं. ही वस्तू फोनचा आवाज गाडीच्या रेडिओवर ऐकण्यासाठी आहे. आवाज रस्त्यापलीकडच्या टपरीपर्यंत जातो, तो अपेक्षेपेक्षा जास्त आहे. त्यापुढे जात नाही. याला रेडिओ केंद्र म्हणता येत नाही. पथकाच्या वाहनातल्या तशाच वस्तूचीही चाचणी घेतली, निष्कर्ष तोच. परवाना लागतो की नाही हे ठरवणारं खातं वेगळं आहे, त्यांना विचारावं. शेवटी लिहिलं की रेकॉर्डिंगची भाषा मला येत नाही, त्यामुळे त्यातल्या मजकुराबद्दल माझं मत नाही, आणि खाली सही केली.

"पथकाच्या गाडीचं वाक्य काढा," साहेब म्हणाले.

"ते काढलं तर सही काढेन."

सुमन इतका वेळ ऐकत होती. ती टेबलापाशी आली. "साहेब, मजकुराबद्दल मॅडमचं मत नाही, तुम्हाला समजत नाही. मग ज्याला समजतं त्याला विचारा. मी बहीण आहे म्हणून मला विचारू नका. दवाखान्यात डॉक्टर आहेत, त्यांनीच दिवस ठरवलेत. आणि गावांची नावं आली ती माझ्याकडे ती गावं आहेत म्हणून. तुम्हाला सभा वाटली, तर सभेला या. लहान पोरं रडतात तिथे, भाषण कोणी देत नाही."

ती अजिबात ओरडली नाही. पण तंबूतली सगळी माणसं तिच्याकडे बघत राहिली.

साहेबांनी आरोग्य केंद्रात फोन लावला. डॉक्टरांनी काय सांगितलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. साहेब "बरं, बरं" म्हणत राहिले, मग एका शिपायाला म्हणाले, "जीप सोडा. ती वस्तू मात्र जमा राहील."

"आणि ही?" मी ड्रायव्हरची वस्तू पुढे केली.

त्यांनी ती घेतली आणि पिशवीत टाकली. मला ड्रायव्हरचं वाईट वाटलं, पण दोन्ही पिशवीत किंवा दोन्ही बाहेर, याखेरीज मला तिसरं काही मान्य नव्हतं.

सायसिंगने किल्ली घेतली, जीप सुरू केली आणि खिडकीतून विचारलं, "मॅडम, तसली वस्तू परत विकत आणली तर?"

"आणायची की नाही ते मी सांगू शकत नाही," मी म्हटलं. "रेकॉर्डिंग मात्र तुझ्या बहिणीचं आहे. ते जमा झालेलं नाही."

त्याने मान हलवली. सुमन पुढे बसली. घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत ती मोठ्या आवाजात काहीतरी बोलत होती. ती भावाशी नुसती बोलत होती की त्याला रागावत होती, ते मला कळलं नाही.

तक्रार आली. देवरे साहेबांनी माझ्याकडे खुलासा मागितला की सोपवलेल्या कामाच्या बाहेर जाऊन पथकाच्या वाहनाची तपासणी का केली. मी लिहिलं की एकाच तऱ्हेचं यंत्र दोन गाड्यांत होतं आणि एकच तपासून निष्कर्ष काढता येत नाही. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "तुम्हाला पुढच्या वेळी पाठवणार नाही."

"चालेल," मी म्हटलं.

खुलासा स्वीकारला की नाही ते मला कोणी कळवलं नाही. माझ्या फायलीत तो आहे एवढं ठाऊक आहे. त्या निवडणुकीत मला परत कुठल्याही नाक्यावर बोलावलं गेलं नाही. माझ्याऐवजी जो पोरगा जायला लागला, त्याला मी दोनच गोष्टी सांगितल्या. दुसऱ्याने टाइप केलेल्या कागदावर सही करायची नाही. आणि तपासणीला गेलास की पकडणाऱ्याच्या गाडीचाही रेडिओ लावून बघायचा.