भर बाराला बोलणारे तात्या

आमचे सासरे वारल्यानंतर दीड वर्षाने माझ्याशी मोकळेपणाने बोलू लागले. (हयातीत आमचा संवाद 'कधी आला?' आणि 'कधी निघणार?' एवढाच होता!)

हे मी घाबरून सांगत नाही, शास्त्रीय दृष्टीने सांगतोय. बारामतीत आम्ही 'खुलं मन मंडळ' चालवतो. भूतखेत, करणी, अंगात येणं, यांवर आमचा विश्वास नाही आणि अविश्वासही नाही. आम्ही फक्त तपास करतो. सभासद तीन. अध्यक्ष मी, म्हणजे कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला विलास. चिटणीस कुलकर्णी सर, आयुष्यभर हायस्कुलात विज्ञान शिकवून दमलेले. तिसरे सभासद गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे कायमचे रजेवर. साहित्य म्हणाल तर एक होकायंत्र, कपाळापुढे धरायचा करोनाच्या काळातला थर्मामीटर आणि एक जाड रजिस्टर. मागे इंदापुरात एका घरात भांडी आपोआप थरथरतात म्हणून आम्ही दोन दिवस मांडी ठोकून बसलो होतो. भिंतीपलीकडे पिठाची गिरणी आहे हे तिसऱ्या दिवशी शेजारणीनं सांगितलं. तरी सरांनी रजिस्टरात लिहिलंच : 'निष्कर्ष : मन अजून खुले.' आमच्या आजवरच्या सगळ्या तपासांचा निष्कर्ष हाच आहे.

तर एके दिवशी कन्हेरीहून सासूबाईंचा फोन आला. त्यांना मी मामी म्हणतो.

"जावयबापू, बसलाय न्हवं?"

"बसलोय मामी. काय झालं?"

"तात्या बोलायला लागल्यात."

"कोण तात्या?"

"तुमचं सासरं, दुसरं कोण? ऊस तुटून गेल्यापासनं रोज भर बाराला पेरूच्या बागंतनं आवाज येतोय. आता माजं काय म्हणणं न्हाय, पर ते तुमालाच बोलवत्यात असं वाटतंय बगा."

मी घाईघाईनं फोन ठेवला. बायको शेजारीच भाजी निवडत होती; मामींचा फोन तिथवर ऐकू जातो. मान वर न करता म्हणाली, "जा की! मंडळाला आयतं भूत मिळतंय, तेही घरचं."

आता फोन घाईघाईनं का ठेवला, ते सांगायला हवं. मागच्या धोंड्याच्या महिन्यात आम्ही कन्हेरीला जेवायला गेलो होतो. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण! पाय धुतले, पुरणाचे धोंडे वाढले, आणि तेहतीस अनारसे घालून एक चकचकीत स्टीलचा डबा हातात दिला. जेवून सगळे आडवे झाले. मी गाडी सावलीत घ्यावी म्हणून मागे घेतली आणि 'कर्रर्र' असा आवाज आला. उतरून बघतो तर चाकाखाली तात्यांचा रेडिओ! तात्यांना बायकोपेक्षा रेडिओ प्रिय होता. (हे मामींचं मत.) तो बिघडला होता आणि बांधाला बांध असलेल्या रशीदभाईंकडे दुरुस्तीला दिला होता. मोटारी, पंप, रेडिओ, काहीही दुरुस्त करावं ते रशीदभाईंनीच. तात्या झोपलेत असं बघून त्यांनी रेडिओ लिंबाच्या बुंध्याशी ठेवला आणि ते निघून गेले होते.

नारायणानं काय करावं? सरळ तात्यांना उठवून सांगावं. मी अनारसे टॉवेलात बांधून डिकीत टाकले, रेडिओचे तुकडे डब्यात भरले, बुडावा म्हणून वर एक धोंडा घातला, झाकण दाबलं आणि डबा विहिरीत सोडला. बायकोला सांगितलं, डबा तुझ्या आईकडेच राहिला.

संध्याकाळी तात्या रशीदभाईंच्या दारात उभे. "रेडिओ कुठाय?"

"अंगणात ठिवला की, तात्या!"

"मग काय, पाय फुटलं त्याला?"

लहानपणापासून एका बांधावर बसून चहा पिणारी ही दोन माणसं, त्या दिवसापासून बोलायची बंद झाली. वर्षभरानं तात्या गेले. रशीदभाई त्या दिवशी आले, पण फाटकाबाहेरच उभे राहिले. आत येऊन पाणीसुद्धा प्यायले नाहीत. मी त्यांना बघितलं आणि नजर फिरवली. एवढा भाग मला अजून विनोदी करून सांगता येत नाही.

असो. दुसऱ्या दिवशी साडेअकराला मंडळ कन्हेरीत हजर झालं. कुलकर्णी सरांनी पेरूच्या बारा झाडांना नंबर दिले आणि प्रत्येकाचं तापमान घेतलं. पाच नंबरचं झाड आजारी निघालं.

"सर, आत्म्याचं तापमान कमी असतं ना?" मी विचारलं.

"तुम्ही घामाघूम का झालाय ते आधी सांगा," सर म्हणाले आणि त्यांनी थर्मामीटर माझ्या कपाळापुढे धरला.

मामी लिंबाखाली चटई टाकून बसल्या होत्या. पलीकडच्या बांधावर रशीदभाई आमच्याकडे पाठ करून बसलेले. गेली अडीच वर्षं मी त्यांची पाठच बघत होतो, त्यामुळे मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

बाराला पाच मिनिटं कमी असताना पाच नंबरच्या झाडातून खरखर ऐकू आली. आणि मग, देवाशपथ सांगतो, तात्यांचा आवाज!

"आलास का रं परत?"

मी सरांच्या मागे सरकलो. सर मात्र रजिस्टर उघडून उभे. "आपण कोण आहात? कुणाला उद्देशून बोलताय?"

"लाज न्हाय वाटत? फुकटचं खायला बरं येतंय!"

"विलासराव," सर हळूच म्हणाले, "तुम्हालाच असावं."

"मलाच आहे हो!" मला जेवलेले सगळे धोंडे आठवले.

खरखर झाली, आवाज तुटला. सरांनी वेळ लिहून घेतली. सूर्य आणखी वर आला.

"लपतोस कुठं? दिसतोयस मला! काय केलंयस, समदं ठावं हाय!"

झालं! इतकी वर्षं खुलं ठेवलेलं मन पार मोकाट सुटलं. मी तापलेल्या ढेकळांत साष्टांग नमस्कार घातला आणि हात जोडून ओरडलो, "तात्या, चुकलो! रेडिओ मीच चिरडला! गाडी मागे घेताना! रशीदभाईंनी आणून दिला होता, त्यांचा काही दोष नाही! तुकडे मी विहिरीत टाकले! तात्या, मला माफ करा!"

सर लिहिता लिहिता थांबले. ऊन आता थेट डोक्यावर होतं. आणि तात्या पूर्ण ताकदीनं गरजले,

"हुर्रर्रर्र! ऊठ पेरूवरनं, पोपटाच्या जाती! हाड! हाड!"

मी तसाच आडवा. सर पाच नंबरच्या झाडात डोकं घालून म्हणाले, "विलासराव, इथं बांबूला एक डबी बांधलीय. वर सोलर पट्टी आहे."

"पोपट हाकलायचं मशीन हाय ते," आमच्याकडे तोंड वळवून रशीदभाई म्हणाले. अडीच वर्षांत त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा नीट बघत होतो. "मीच करून दिलं हुतं तात्याला. आवाज त्याचाच भरला. एकेका पोपटाशी त्याचं वैर हुतं न्हवं! आडसाली ऊस डोक्याच्या वर गेला, पट्टीवर सावली आली, तवापासनं बंद हुतं. बॅटरी तर कवाच मेली. आता ऊस तुटला, भर दुपारचं ऊन लागलं की बोलतंय."

"मग सांगितलं का नाही कुणाला?" मी मातीतूनच विचारलं.

"इचारलं कुणी मला?"

खरंच होतं. माझ्याच पापामुळे अख्ख्या गावात ज्या एका माणसाला हे माहीत होतं, त्यालाच विचारायची सोय उरली नव्हती. आणि मी? एवढी वर्षं सासुरवाडीला येऊन पेरू खाल्ले, पण बागेत पाऊल टाकलं नव्हतं.

मी मामींकडे वळलो. "मामी, तुम्ही उगाच घाबरलात हो. हे तर मशीन आहे!"

"मला काय ठावं न्हाय व्हय?" मामी शांतपणे म्हणाल्या. "दोन साल त्या मशीननं माजी दुपारची झोप मोडलीया." त्यांनी पदराखालून एक वस्तू काढून चटईवर ठेवली. "इहिरीचा गाळ काढला गेल्या म्हयन्यात. त्यात ह्यो घावला."

स्टीलचा डबा! घासून लख्ख केलेला. आमच्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय ते कुणाला देत नाहीत, एवढी साधी गोष्ट तो बुडवताना माझ्या ध्यानात आली नव्हती. झाकणावर ठसठशीत अक्षरं होती : 'धोंड्यानिमित्त जावई विलासराव यांस, तात्यांकडून.' आत रेडिओचे तुकडे आणि मी घातलेला धोंडा.

"मी रशीदला नुसतं सांगितलं असतं, तर मलाच वाईट वाटतंय म्हणून बोलतीया असं वाटलं असतं त्याला," मामी म्हणाल्या. "म्हनलं, तुमच्याच तोंडनं निघू द्या. म्हणून त्याला बांधावर बसाया सांगितलं आन् तुमाला फोन केला."

मी उठून रशीदभाईंपुढे गेलो. हात जोडले. त्यांनी बराच वेळ डब्यातले तुकडे चाळले.

"पावनं, तात्या मला चोर समजून गेला," ते म्हणाले. "त्याला आता कोण सांगणार?"

मला लाज वाटली, आणि ती अजून वाटते.

मग ते झाडाकडे गेले आणि त्यांनी मशीनची वायर धरली. "वहिनी, काढू का हे?"

"नगं," मामी एकदम म्हणाल्या. "बोलू द्या की. तेवढंच."

रशीदभाईंनी खिशातून फडकं काढलं आणि सोलर पट्टी पुसली. फाटकातून आत येऊन त्या दिवशी ते आमच्या ओट्यावर चहा प्यायले. मलाही मिळाला, सगळ्यात शेवटी. मामींनी एवढंच बजावलं, "पुढच्या धोंड्याला अनारसं ह्याच डब्यात मिळतील. नवा डबा न्हाय."

परतीच्या वाटेवर सर गाडीत रजिस्टरात लिहीत होते. बारामती आली तसं त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे धरलं. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच मन खुलं राहिलं नव्हतं, ठाम निष्कर्ष निघाला होता : 'आवाज : यंत्राचा. भूत : आढळले नाही. पोपट : एक, वय त्रेसष्ट.'

अध्यक्ष म्हणून खाली सही मलाच करावी लागली.