खंडेनवमीचा फोटो

सोमवारी सकाळी ह्यांनी बीम खांद्यावर घेतला. चार पावलं चालले आणि खाली बसले. त्यानंतर ते कामावर गेले नाहीत.

बीम म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला लोखंडी रूळ. अक्कलकोट रस्त्यावरच्या टॉवेलच्या कारखान्यात माझ्या नवऱ्यानं सव्वीस वर्षं तो खांद्यावरून मागापर्यंत नेला. त्यासाठी ढकलगाडी होती. पण मालकांनी आहे त्याच जागेत आणखी चार माग बसवले, मधली वाट अरुंद झाली आणि गाडी दाराशी उभी राहिली. मी एकदा डबा द्यायला गेले होते. त्या वाटेनं मला पदर सावरून आडवं चालावं लागलं.

डॉक्टरांनी एमआरआय पाहून सांगितलं, मणके झिजलेत, मधल्या गाद्या दबल्यात, यापुढे ओझं उचलायचं नाही. मालक म्हणाले, वय झालं की सगळ्यांचंच असं होतं. ह्यांचं वय तेव्हा एकोणपन्नास होतं. आम्ही कामगार न्यायालयात दावा लावला. ह्यांना एवढंच लिहून हवं होतं, की पाठ कामानं गेली.

त्याच वर्षी खंडेनवमीला मालकांचा निरोप आला. यंत्रांची पूजा आहे, जुन्या माणसानं यायलाच पाहिजे. मी म्हटलं, दावा चालू आहे, जाऊ नका.

"भांडण कोर्टात. पूजेला न्हाय म्हणू नये," ते म्हणाले आणि सदऱ्याखाली कमरेचा पट्टा बांधून गेले.

पूजा झाल्यावर रिवाजाप्रमाणे सगळे कामगार मालकांच्या पाया पडले. हेही पडले, आणि तेवढ्यात कोणीतरी फोटो काढला. त्यांना उठवायला दोघे लागले. फोटोत ते दोघे नाहीत.

पुढच्या तारखेला तो फोटो कोर्टात आला. मालकांच्या वकिलांनी विचारलं, वाकता येत नाही म्हणता, मग हे काय? ह्यांनी फोटो पाहून परत दिला.

"खंडेनवमी होती, साहेब."

मागे कोणीतरी हसलं. मालकही हसले.

मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली. क्षमेबद्दल लिहिलेलं पुष्कळ वाचलं आहे. ते हसू मात्र मी विसरले नाही, विसरायचा प्रयत्नही केला नाही. पुढे ह्यांना कुशीवर वळायलासुद्धा माझा हात लागू लागला. वळवताना मला दर वेळी मालकांचे दात आठवायचे. गेल्या वर्षी हे हृदयविकारानं गेले. तेराव्यानंतर मी वारस म्हणून दाव्यात नाव लावलं.

मालक आता पंच्याहत्तरीत आहेत. प्रकृतीचं कारण देऊन त्यांनी साक्षीला व्यवस्थापकाला पाठवायची परवानगी मागितली. मी विरोध केला. माझं म्हणणं चारदा लिहून काढलं. आमच्या वकिलांना त्यातला एक शब्द बदलावा लागला नाही. मालकांनी स्वतः यावं, असा आदेश झाला.

ते काठी टेकत जिना चढून आले. व्हरांड्यातला बाक भरला होता. माझ्यासमोर थांबून म्हणाले, "वहिनी, गेलेल्या माणसासाठी किती भांडायचं? मिटवून टाकू की."

वडीलधारं माणूस समोर आलं की उठून जागा द्यावी, असंच मी आजवर वागले आहे. त्या दिवशी उठले नाही.

"उभे राहा, मालक. पुकारा व्हायला वेळ आहे."

ते दोन तास उभे होते. मला बरं वाटलं. शेवटी पुढची तारीख पडली.

दाव्यात आता फक्त त्यांची साक्ष उरली आहे. ती होईपर्यंत मी प्रत्येक तारखेला जाणार आहे.