संत्राबागेत सापडलेलं शून्य

फोनवर रडायचं नाही, असा माझा नियम आहे. भाचीने तो मोडला, म्हणून मी नागपूरहून सौंसरची बस धरली.

पल्लवी माझ्या धाकट्या बहिणीची, सुनंदाची मुलगी. ती कणभौतिकीत संशोधन करते. पुढच्या कामासाठी तिला परदेशातून बोलावणं आलं होतं. वडील, वसंतराव, नाही म्हणत होते आणि त्यांच्या होकाराशिवाय तिला जायचं नव्हतं.

जाणाऱ्यांनी सकाळची बस घ्यावी. सावनेरला तर्री-पोहे खाऊन घ्या, पोटाकडे दुपारपर्यंत बघावं लागत नाही. सुटे पैसे ठेवा. कंडक्टर सुट्यांवरून भांडतो. मीही भांडले आणि जिंकले. सावनेरनंतर कपाशी मागे पडत जाते आणि संत्र्याच्या बागा रस्त्याला येऊन भिडतात. फेब्रुवारीत तर नजर हटत नाही.

रात्री भरल्या वांग्यांवर वाद सुरू झाला.

"ताई, तुमीच सांगा," वसंतराव म्हणाले. "इतके वर्षं शोधून राहिली. सापडलं काय? काईच नाई!"

"बाबा, काही नाही, हेच सापडलं."

"घ्या! मंग मी बी वावरात जाऊन रोज तेच शोधतो."

मी जुनी फिजिक्सवाली. बाही सावरून समजावायला बसले. चार्म नावाचे कण निमिषात फुटतात. त्यांचे उलटे जुळे, म्हणजे प्रतिकण, तेही फुटतात. दोघे तंतोतंत सारखे फुटतात की किंचित वेगळे? असा फरक पुरेसा मोठा निघाला, तर विश्वात द्रव्य उरलं आणि प्रतिद्रव्य का संपलं, याचा धागा मिळेल. एका ठिकाणी बारीकसा फरक दिसला आहे. पल्लवीने तपासलेल्या विघटनात मात्र तो नाही. एवढं होईतो सुनंदाला जांभई आली होती.

सकाळी बागेत गेलो. विहिरीकडच्या झाडांच्या ओळी वसंतराव तोडणार होते. तिथली फळं दरवर्षी लहान निघतात, असा त्यांचा पक्का हिशेब. करवतवाला सोमवारी येणार होता.

तोडलेल्या संत्र्यांचे दोन ढीग. विहिरीकडचा माल निंबाच्या सावलीत बसून शेवंताबाई लहान-मोठा निवडत होत्या, रस्त्याकडचा किसनभाऊ. पल्लवी बराच वेळ बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "बाबा, या दोघांच्या जागा बदला."

"काहून?"

"बदला तर."

शेवंताबाई उसळल्या. "मले उन्हात बसवते काय वो पोरी? मी मेली त पाप तुले लागीन!"

त्यांच्या डोक्यावर मी माझी छत्री धरली आणि निवड संपेपर्यंत उभी राहिले. माझ्यासमोर कोणी कुरकुर करत नाही.

निवड संपली. या वेळी लहान फळांचा ढीग रस्त्याकडे मोठा होता! विहिरीकडची संत्री किसनभाऊंच्या हाती पडताच मोठी झाली होती.

"लहान ते लहानच," शेवंताबाई म्हणाल्या. "मी काहून मोठ्यात टाकू?"

"तू त जावई बी नापास करशीन," किसनभाऊ म्हणाले.

फरक झाडांत नव्हता, हातांत होता. सावलीसाठी शेवंताबाई दरवर्षी विहिरीकडेच बसत.

"बाबा, मी हेच करते," पल्लवीचा आवाज चढला. "यंत्राची एक बाजू अशीच कडक असू शकते. म्हणून चुंबकाची दिशा उलटवून पुन्हा मोजतो. त्यानंतरही उरेल तोच खरा फरक. माझ्या कणांत तो उरला नाही. फरक शून्य."

वसंतराव विहिरीकडच्या झाडांकडे बघत राहिले. "म्हंजे मी हे उगाच तोडून राहिलो होतो?"

"हो."

त्यांनी खिशातून फोन काढला. "सोमवारी येऊ नोको रे. काई तोडाचं नाई."

"आणि माझं?" पल्लवीने विचारलं.

"तुह्यं तिकीट काढ. माह्यासाठी बी दोन दिवस थांबू नोको."

मी छत्री मिटली. हात भरून आला होता, पण अशी ऐट मला कॉलेजच्या निकालालाही आली नव्हती.

परतीला पांढुर्ण्याहून रेल्वे घेतली. सौंसर ते पांढुर्णा रस्ता बागांमधून जातो. वेळ असेल तर हाच फेरा घ्या. वसंतराव पोचवायला आले. फलाटावर त्यांच्या ओळखीचा एक संत्रा व्यापारी भेटला. पोरगी काय करते, असं त्याने विचारलं.

"फरक नाई, हे सिद्ध करते," वसंतराव छाती काढून म्हणाले. "तुमच्याच्यानं होते काय?"

घरी आल्यावर शेजारणीने विचारलं, सौंसरला पाहण्यासारखं काय आहे? मी तिला विहिरीकडच्या ओळी सांगितल्या. त्या उभ्या आहेत. पल्लवी निघाली आहे. दोन्ही एका शून्याच्या जोरावर.