मार्था मावशीची सुकेळी आणि डॅन्यूबकाठची सिस्टर

परदेशी शिकायला निघणाऱ्यांना माझा पहिला सल्ला: बॅगेचं वजन दारंखिडक्या लावून करा. मार्चमध्ये मी वसईजवळच्या उमेळ्याहून जर्मनीला निघालो तेव्हा माझी बॅग तेवीसच्या जागी एकवीस किलो भरली आणि आई आनंदाने ओरडली, "दोन किलो जागा हाय अजून!" ते वाडीपलीकडच्या मार्था मावशीला ऐकू गेलं. अर्ध्या तासात ती आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी. हातात सुकेळ्यांच्या जुड्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सुकेळी म्हणजे आमच्या वसईची, सोलून उन्हात वाळवलेली राजेळी केळी. केळीच्याच सुक्या पानात घट्ट बांधतात. दिसायला काळपट, खायला मधासारखी. मावशी अजून ती स्वतः करते, आणि कावळ्यांशी दिवसभर भांडत राखण करते.

"कातूला दे," ती म्हणाली. कातू म्हणजे तिची धाकटी बहीण, सिस्टर कॅटरीन. बाविसाव्या वर्षी नर्स म्हणून जर्मनीतल्या कॉन्व्हेंटमध्ये गेली, त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली. चार-पाच वर्षांतून एकदा येते, महिनाभर राहते, जाते. मी नकाशा उघडून दाखवला. माझं विद्यापीठ वर माग्देबुर्गला, सिस्टर खाली डॅन्यूब नदीच्या काठी.

"एकाच देशात हाय ना? मग किती लांब असणार? नायगाव ते विरार समज."

पण खरं काम सुकेळ्यांचं नव्हतंच. मावशी खाली बसली आणि आवाज उतरवून बोलली, "तिच्या संस्थेने तिला विचारलंय, म्हातारपण तिकडेच काढायचं की इकडे वसईच्या कॉन्व्हेंटमध्ये यायचं. इकडे आली तर रिक्षाने वीस मिनिटं. मी तर पुढची खोली तिच्यासाठी काढली, संडास-बाथरूम पण खालीच बांधते. सुट्टीच्या दिवशी येऊन राहील. पण फोनवर विचारलं की बोलते, बघू. तू जा, तिला डोळ्यांनी बघ, आणि विचार कधी येते ते."

मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं.

सुकेळी दोन महिने माझ्या हॉस्टेलच्या कपाटात राहिली. (युरोपात दूध, मांस, फळं आणण्याचे नियम कडक आहेत. केळी चालतात, अशी मी वाचून खात्री केली होती, तरी तुम्ही निघण्याआधी स्वतः बघा. शेजारच्या मावशीच्या शब्दावर जाऊ नका.) आई दर रविवारी विचारायची, "दिलंस का?" मी म्हणायचो, अभ्यास आहे. खरं तर दोन जुड्या मी अभ्यासाबरोबरच संपवल्या होत्या. शेवटी मेअखेर आई म्हणाली, "मार्थाने बाथरूमला लाद्या पण बसवल्या. तुला लाज कशी नाही वाटत?" ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकॉस्ट सणाच्या सोमवारची सुट्टी जोडून येत होती. मी निघालो.

आता कामाचं. विद्यार्थ्याच्या सेमिस्टर तिकिटावर देशभर फिरता येतं, पण फक्त हळू जाणाऱ्या प्रादेशिक गाड्यांनी. वेगवान गाडीत चुकून बसलात तर तिकीट तपासनीस अतिशय नम्रपणे दंड करतो. म्हणून शनिवारी पहाटे साडेपाचला निघून हाले, लाइपझिग, त्स्विकाऊ, होफ, रेगेन्सबुर्ग अशा पाच ठिकाणी गाड्या बदलायच्या होत्या. दोन गाड्यांमध्ये किमान पंधरा मिनिटं ठेवा. मी होफला सातच ठेवली होती. आमची गाडी अकरा मिनिटं उशिरा आली. जर्मन गाड्या वेळेवर असतात ही अफवा कोणी उठवली ते मला कळलेलं नाही.

डबा घरून न्या. स्टेशनवरच्या एका कॉफीच्या पैशांत तीन लिटर दूध येतं. मी पोळीत बटाट्याची भाजी गुंडाळून नेली होती. नळाचं पाणी बिनधास्त प्या, आणि प्लास्टिकची बाटली विकत घेतलीत तर फेकू नका, दुकानातल्या मशीनमध्ये घातली की पैसे परत मिळतात. स्टेशनच्या शौचालयासाठी सुटी नाणी खिशात ठेवा. हे ज्ञान मला लाइपझिगला कठीण प्रसंगी झालं.

होफनंतर मात्र प्रवासाचा शीण गेला. दोन्हीकडे गडद हिरवी जंगलं, मध्येच पिवळी शेतं, टोकदार चर्चचं एकेक गाव. माझ्या डब्यात सायकली घेऊन चाललेलं म्हातारं जोडपं होतं. त्यांनी मला चेरी दिल्या, मी त्यांना एक सुकेळं दिलं. आजोबांनी ते आधी सिगारसारखं हुंगलं, मग चावलं, मग बायकोला न देता सगळं संपवलं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसरं काढलं. मावशीची सुकेळी अशी वाटेतच खपत होती.

होफच्या घोळामुळे शनिवारची शेवटची बस गेली. लहान गावांत शनिवारी दुपारनंतर बस विसरा, रविवारी तर आशाच सोडा. पाच किलोमीटर नदीकाठच्या सायकलवाटेने चालत गेलो. संध्याकाळचं लख्ख ऊन, संथ हिरवं पाणी, एक मालवाहू बार्ज माझ्याच चालीने चाललेला. मला खूप बरं वाटत होतं. पाय दुखत असतानाही बरं वाटतं अशा फार थोड्या जागा असतात. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सिस्टरला पाहुण्यांची रांग नको.)

कॉन्व्हेंट आणि त्याला लागून वृद्धाश्रम, असं दोन मजली पिवळं घर होतं. पुढच्या दाराची घंटा तीनदा वाजवली. कोणी आलं नाही. मी काय केलं असेल? जे आमच्याकडे कोणीही करतो तेच. उमेळ्यात पुढचं दार फादरसाठी, डॉक्टरसाठी आणि स्थळ घेऊन येणाऱ्यांसाठी असतं. बाकी सगळे वाडीतून मागे जातात आणि स्वयंपाकघरात डोकावतात. मीही कुंपणाचं लहान फाटक ढकललं आणि वाफ्यांमधून मागे निघालो. ज्या देशात शेजारी आठवडाभर आधी कळवून चहाला येतात, त्या देशात.

वाफे बघून मी थबकलो. घेवड्याच्या ओळींना मधोमध पाट काढला होता, सफरचंदाच्या झाडांना गोल आळी केली होती, पाणी एका टोकाला सोडलं की शेवटच्या झाडापर्यंत जाईल अशी. ही तर आमच्याकडची बागायत! मी वाकून बघतोय तेवढ्यात बाकावर बसलेल्या एका फार म्हाताऱ्या सिस्टरने मला पाहिलं आणि किंकाळी फोडली. स्वयंपाकघरातून दुसरी सिस्टर धावत आली. लहानखुरी, सावळी, हातात भाजीची सुरी.

तिने मला पाहिलं. पानात बांधलेल्या जुड्या पाहिल्या. सुरी खाली आली.

"उमेळ्याचा का रे तू?" तिने मराठीत विचारलं.

"कसं ओळखलंत?"

"चाळीस वर्षांत इथं मागच्या दाराने कोणी आलं नाय!" आणि ती इतकी हसली की किंकाळी फोडणारी म्हातारीही हसायला लागली.

बाकी सगळ्या जणी संध्याकाळच्या प्रार्थनेला गेल्या होत्या. सिस्टर कॅटरीन मागे थांबली होती ती किंकाळी फोडणाऱ्या या सिस्टर हिल्डेगार्डसाठी. मला आत घेतलं, सूप दिलं, राय धान्याचा काळा पाव दिला, पाहुण्यांची खोली दिली. अशा खोल्या स्वस्त असतात आणि बऱ्याच कॉन्व्हेंटमध्ये मिळतात, फक्त आधी ईमेल करा. माझ्यासारखं वाफ्यातून उगवू नका. सिस्टरची बोली ऐकून मला गंमत वाटली. तिच्या घरची वेगळी, आमच्या घरची वेगळी, पण तिची इतकी जुनी की त्यातले काही शब्द मी फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी ऐकलेले. तिला मावशीची नाही, आधी केळींची चौकशी करायची होती. राजेळीचे कांदे, म्हणजे लावायचे कंद, किती उरले? विहिरीचं पाणी गोडं आहे का अजून? तिने एक सुकेळं कोमट दुधात भिजवलं, कुस्करलं आणि सिस्टर हिल्डेगार्डला चमच्याने भरवलं. म्हातारीने डोळे मिटून खाल्लं.

रविवारी चर्चमध्ये पेंटेकॉस्टची मिस्सा झाली. "मागे बस, झोप आली तर खुशाल झोप, देव काही बोलणार नाय," सिस्टर म्हणाली. झोप आली नाही, गाणं सुंदर होतं. दुपारी आम्ही नदीकाठी फिरायला गेलो. सिस्टर हिल्डेगार्डची चाकाची खुर्ची सिस्टर कॅटरीन ढकलत होती, मला हात लावू देत नव्हती.

मी मावशीचा प्रश्न विचारला. लाद्यांचंही सांगितलं.

सिस्टरने खुर्ची वाटेच्या कडेला घेतली. मग म्हणाली, "मी संस्थेला उत्तर ईस्टरलाच देऊन टाकलंय. इथंच राहणार बोलली."

"पण लाद्या?" मी म्हणालो.

"ही बघ," तिने खुर्चीकडे बोट दाखवलं. "मी आली तेव्हा मला जर्मनचा एक शब्द येत नव्हता. हिने मला स्वयंपाकघरात उभी करून एकेक वस्तू हातात देऊन शिकवलं. चमचा. मीठ. कांदा. आता ती सगळं विसरली. माणसं पण. माझ्याच हातून जेवते. हिला सोडून येऊ?" मग जरा थांबून, "आणि खरं सांगू? ही गेली तरी मी येणार नाय. घरी गेली की मी पाहुणी असते. खुर्ची देतात, चांगला तुकडा ताटात वाढतात, काम करू देत नाहीत. इथं मी कामाची आहे. वृद्धाश्रमात बारा जण माझी वाट बघत असतात."

"मग मावशीला सांगत का नाही?"

"फोनवर मला जमत नाय. ती रडली की मी हो बोलेन. तू समोर बसून सांग. सांगशील?"

मी पुन्हा मान हलवली. ही सवय मोडायला हवी.

परतताना तिने विचारलं, "तू शिकून परत जाणार?"

"दोन वर्षांचा तर कोर्स आहे."

"मी पाच वर्षांसाठी आलेली," ती म्हणाली, आणि खुर्चीवरचं पांघरूण नीट केलं.

सोमवारी त्याच पाच ठिकाणी गाड्या बदलत परत आलो. या वेळी होफला पस्तीस मिनिटं ठेवली होती. पुढचे तीन महिने घरच्या फोनवर मी जे काही केलं त्याला साध्या भाषेत टाळाटाळ म्हणतात. "बरी आहे, मजेत आहे, येऊन सांगतो." मला लाज वाटत होती. एका बाजूला एक बाई खोलीला रंग लावत होती आणि तिला जे कळायला हवं ते माझ्या पोटात होतं.

सप्टेंबरात गणपतीसाठी घरी आलो. दुसऱ्याच सकाळी मावशीकडे गेलो. तिने आधी खोली दाखवली. फिकट निळा रंग, खिडकीतून केळी दिसतील असा पलंग. मग ओट्याजवळ बसून मी सगळं सांगितलं, सिस्टरने सांगितलं तसंच, काही न गाळता.

मावशी सुपात तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. "सुकली का ती?"

"नाही. जिने धावत चढते."

"हसते?"

"खूप."

"त्या म्हातारीबरोबर?"

"हो."

आता मात्र सूप बाजूला झालं. "चाळीस वर्षं त्यांना दिली, आता चार वर्षं मला नकोत?" ती एवढंच बोलली आणि रडली. मी बसून राहिलो. माझ्या सगळ्या प्रवासात मला इतकं अवघड कुठे वाटलं नव्हतं.

तीन दिवस ती आमच्याकडे फिरकली नाही. गणपतीच्या आरतीलाही नाही, आणि मोदकांना तर ती कधी चुकत नाही. मी आईला म्हणालो, मी उगाच गेलो. आई म्हणाली, "उगाच नाही. दोन महिने उशिरा गेलास."

चौथ्या दिवशी मावशी आली, काखेत प्लास्टिकची फाइल. आधार कार्ड, बाप्तिस्म्याचा दाखला, विजेचं बिल, सगळं पाटावर मांडलं.

"पासपोर्टला काय काय लागतं रे?"

आई आणि मी तिच्याकडे बघत राहिलो.

"ती येत नाय तर मी जाते. बघते तर खरी कोण ती हिल्डा. महिना राहीन. आणि कातूला काय ती बागायत येते? पाट काढलाय म्हणतोस, पण कातूचा पाट नेहमी वाकडा." मग प्रश्न सुरू झाले. विमानात जेवण मिळतं का. थंडी किती. जिन्याला कठडा आहे का. पाच गाड्या बदलायलाच हव्यात का, की तू न्यायला येशील. मी म्हटलं, म्युनिकला उतरा, मी घ्यायला येतो, दोनच गाड्या. तुमच्यापैकी कोणाला घरची वडीलधारी माणसं आणायची असतील तर हाच सल्ला: जवळच्या विमानतळावर उतरवा, आणि विमान कंपनीकडे चाकाची खुर्ची आधीच मागून ठेवा. ती घेण्यात कमीपणा नाही हे त्यांना पटवायला मात्र एक अख्खी संध्याकाळ राखून ठेवा.

मी लॅपटॉप उघडला आणि मावशीचा अर्ज भरायला घेतला. सिस्टरला व्हिडिओ कॉल लावला. मावशी येतेय हे ऐकून ती डोळे पुसत म्हणाली, "हिवाळ्यात येऊ नको म्हणावं." मावशी मागून ओरडली, "तुझी परवानगी कोण मागतंय!"

या प्रवासाने मला काय दिलं, असं लोक विचारतात. डॅन्यूबचं पाणी आठवतं, चेरी आठवतात, वाफ्यातली किंकाळी आठवते. तो शनिवार-रविवार माझ्या जर्मनीतल्या दिवसांतला सगळ्यात चांगला होता, आणि तुम्हाला वेळ असेल तर हळू गाड्यांनीच जा. पण सिस्टरचं ते पाच वर्षांचं वाक्य मी घरी कोणाला सांगितलं नव्हतं. आईनेही मला कधी विचारलं नाही की कोर्स संपल्यावर काय.

मावशी अर्जाचा कागद घेऊन गेली. मी लॅपटॉप मिटायला लागलो तर आईने हात पुसत पुसत स्वतःचं आधार कार्ड माझ्यासमोर ठेवलं.

"बसलाच आहेस तर माझापण भरून टाक," ती म्हणाली. "पुढेमागे लागेल."